ड्रॅग वीकसाठी रोजच्या वापरातली मस्टँग : तयारी कुठून सुरू करावी?

डेट्रॉइटकर

नमस्कार. मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे २०१२ ची मस्टँग जीटी असून तिला पाच लिटरचे व्ही-८ इंजिन आणि सहा गियरचा हाताने बदलायचा गियरबॉक्स आहे. मागे ड्रॅग रेडियल (रस्त्यावरही चालणारे, पण शर्यतीसाठी मऊ रबराचे) टायर लावून मी ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या शर्यतीत, पाव मैलासाठी १२.८ सेकंदांपर्यंत आलो आहे. आता हॉट रॉड मासिकाने २००५ मध्ये सुरू केलेल्या ड्रॅग वीकला जाण्याचा विचार आहे. पाच दिवस रोज शर्यत, दिवसाची वेळपावती (धावेची वेळ छापलेली चिठ्ठी) जमा केली की आयोजकांनी ठरवलेल्या रस्त्याने पुढच्या ट्रॅकपर्यंत प्रवास, एकूण सुमारे हजार मैल, आणि मदतीला मागे दुसरी गाडी चालत नाही, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. पत्नीही सोबत येणार आहे. खर्चाला मर्यादा असल्याने मागच्या ॲक्सलमध्ये ४.१० चे गियर (चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे, ४.१० फेरे), स्लिक (खाचा नसलेले, फक्त शर्यतीचे) टायर आणि इंजिनाच्या संगणकाचे नवे ट्यूनिंग यांपैकी आधी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

पावमैल

स्लिक यादीतून काढून टाका. १३.९९ किंवा त्याहून कमी वेळ देणाऱ्या गाडीला स्लिक लावले की एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमानुसार ड्राइव्हशाफ्टभोवती लूप, म्हणजे तो तुटला तर खाली पडू न देणारे कडे, बसवावा लागतो, तर रस्त्यावरच्या टायरांवर तुमच्या वेळेला त्याची सक्ती नाही. हेल्मेट मात्र तुम्हाला लागेलच. रोल बारची (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या लोखंडी कमानीची) चिंता करू नका, कारण २००८ नंतरच्या मूळ रचनेतल्या गाड्यांना १० सेकंदांपर्यंत सवलत आहे.

४.१० चे गियर रस्त्यावर त्रास देतील असे सगळे सांगतात; तुमच्या गाडीला ते लागू नाही. तुमचा सहावा गियर ०.६५ चा आहे, त्यामुळे ३.७३ च्या गियरवरून ४.१० वर गेलात तर ताशी ७० मैलांच्या वेगाला इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे दोनशेने वाढतील. खरी अडचण अशी, की नवे गियर पहिल्या काही शे मैलांत तापतात, म्हणून निघायच्या आठवड्यात ते बसवू नयेत. महिनाभर आधी बसवून, हळू चालवून, तेल बदलून मगच निघावे. ट्यूनिंग करायचेच असेल तर वाटेतल्या कुठल्याही पंपावर मिळणाऱ्या इंधनाला धरून करा.

मी दोनदा गेलो, आणि पहिल्या वेळी शर्यत अर्धवट राहिली, ती इंजिनामुळे नव्हे, तर मागे ओढत नेलेल्या छोट्या ट्रेलरमुळे. रात्री अकराच्या सुमारास इलिनॉयमध्ये डाव्या चाकाकडून जळक्या ग्रीसचा वास आला, थांबून हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात नेला तर चटका बसला, आणि बेअरिंगच्या रोलरांचा अक्षरशः भुगा झालेला दिसला. ट्रेलरची चाके लहान असल्याने त्याच वेगाला ती गाडीच्या चाकांपेक्षा जास्त फिरतात, हे मला तोपर्यंत कधी सुचलेच नव्हते. तेव्हापासून बेअरिंग बसवून ग्रीस भरलेला एक अख्खा हब मी टूलबॉक्सशेजारी ठेवतो.

तुम्ही ट्रेलर टाळू शकता. मागची सीट दुमडून ड्रॅग रेडियल आत ठेवा आणि साध्या टायरांवर प्रवास करा, कारण मऊ रबराचे, कमी खाचांचे ते टायर मुसळधार पावसात पाण्यावर तरंगतात. बदललेल्या चाकांचे नट कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने टॉर्क रेंचने (नेमक्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळा आणि पन्नास मैलांनी पुन्हा तपासा.

नागपुरी_ह्यूस्टनमध्ये

गर्दीत इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचे पाणी अडवणारी झडप) काढून टाकावा, असे आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक सांगत असत. अनेक ट्रॅकवर रेडिएटरमध्ये कूलंट (गोठणरोधक रसायन घातलेले पाणी) चालत नाही, साधे पाणीच भरावे लागते, एवढे मात्र मला नक्की माहीत आहे.

पावमैल

पाण्याचे बरोबर आहे. कूलंट सांडले की ट्रॅक निसरडा होतो आणि सगळ्यांची शर्यत थांबते. म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंजरोधक घालून भरावे आणि उतू गेलेले पाणी धरायला डबा बसवावा. थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मात्र मी विनम्रपणे नाकारतो. या गाडीचा संगणक ठरावीक तापमान गाठल्यावरच इंधनाचे गणित नीट बसवतो, आणि महामार्गावर इंजिन थंडच राहिले तर पेट्रोल जास्त जाते. सिग्नलला उभे असताना तापमान चढत असेल तर पंखा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा बघा.

सुटे भाग थोडेच, पण शहाणपणाने घ्या: बेल्ट, वरचा-खालचा होज, प्लगांचा संच, फ्यूज, क्लचचे तेल. रस्ता वाचायचे काम वहिनींकडे द्या. वाटेतल्या ठरलेल्या थांब्यावर गाडीचा फोटो काढायचा राहिला, तर ट्रॅकवरचा सगळा खटाटोप वाया जातो.

डेट्रॉइटकर

मनःपूर्वक आभार. स्लिकचे पैसे आता हेल्मेट आणि टॉर्क रेंचकडे वळवतो. गेल्या रविवारी मोजून पाहिले, तर दोन टायर मागे बसतात, पण जॅक पत्नीच्या पायांशी येतो आणि ते तिला मान्य नाही. पंक्चरसाठीचे सुटे चाक घरी ठेवून त्या खड्ड्यात जॅक बसवला, तर ती जोखीम हजार मैलांसाठी फार मोठी आहे का?

पावमैल

मागे दोन पूर्ण चाके आहेतच, म्हणजे चाकांची चणचण नाही. फक्त ती पुढच्या ब्रेकवर बसतात का, हे घरीच एकदा लावून पाहा.