शब्दचर्चा: 'ट्रान्झॅक्शन'ला 'व्यवहार' म्हणावं का?

पाटीपेन्सिल: ओरॅकल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या (माहिती टेबलांत साठवून हवी तेव्हा काढून देणाऱ्या) सुरुवातीच्या आवृत्त्यांत कुठली सोय कधी आली, यावरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. १९७९ साली ओरॅकल बाजारात आलं तेच 'आवृत्ती २' म्हणून. पहिली आवृत्ती गिऱ्हाइकांपुढे आलीच नाही. या दुसऱ्या आवृत्तीत क्वेरी (माहिती मागणारे प्रश्न) होत्या, जॉइन (दोन टेबलांतली माहिती जोडणं) होते, पण ट्रान्झॅक्शन, म्हणजे अनेक बदल एकगठ्ठा करण्याची सोय, नव्हतं. मी लिहिलं, 'या आवृत्तीत व्यवहारांची सोय नव्हती.' संपादकांचा शेरा आला, 'व्यवहारच होत नसतील तर लोक हे विकत का घेत होते?' त्यांचंही बरोबर आहे. मराठी वाचक 'व्यवहार' म्हणजे देणंघेणं समजणार. कमिट (बदल पक्के करणं) आणि रोलबॅक (बदल रद्द करणं) १९८३ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, त्या वाक्याशीही अडले आहे. काय लिहू?

शुद्धमती: व्यवहार हाच शब्द ठेवा. पारिभाषिक अर्थ वापरानेच रुजतो. सावरकरांनी 'दिनांक' आणि 'महापौर' हे शब्द दिले तेव्हाही लोक अडखळलेच असतील, आज कोणी अडखळतं का? कमिटला 'निश्चयन' आणि रोलबॅकला 'प्रतिगमन' म्हणा. एकदा तळटीप दिलीत की झालं.

रात्रपाळी: वीस एक वर्षं डेटाबेस सांभाळतो आहे. 'प्रतिगमन' म्हटलं तर माझ्या टीममधल्या एकालाही कळणार नाही. ट्रान्झॅक्शन म्हणजे चार बदलांची मोट: चारही होतील, नाहीतर एकही होणार नाही. पैशांशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. हजेरीपटातला बदलही ट्रान्झॅक्शनच. म्हणून 'व्यवहार' मुळातच तोकडा आहे. इंग्रजी शब्द तसाच ठेवा आणि जागा वाचकाला समजावण्यात खर्च करा. तिसरी आवृत्ती सी भाषेत नव्याने लिहिली होती, त्यामुळे ती वेगवेगळ्या यंत्रांवर नेता आली. आधीची पीडीपी-११ या एकाच यंत्राच्या असेंब्ली भाषेत होती. चौथ्या आवृत्तीत, १९८४ साली, रीड कन्सिस्टन्सी आली. तुम्ही मोठा रिपोर्ट काढायला घेतलात आणि मधेच कोणी आकडे बदलले, तरी रिपोर्टला क्वेरी सुरू झाली त्या क्षणाचेच आकडे दिसणार. हे सगळं एका संस्कृत शब्दात बसवायचा अट्टहास कशाला?

जुनीवही: पाटीपेन्सिल ताई, शब्द आपल्याकडे आहेत, फक्त ते संगणकाच्या पुस्तकांत नाहीत, पेढीवर आहेत. मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत होतो. नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरवर काम चाले, आणि आमच्याकडच्या आवृत्तीत ट्रान्झॅक्शन नावाचा प्रकार नव्हता. एका खात्यातून पाचशे रुपये नावे पडले आणि तेवढ्यात वीज गेली. वीज आल्यावर पाहतो तर दुसऱ्या खात्यात जमा नाही. आधी रीइंडेक्स केलं (नोंदींची सूची नव्याने बांधली), मग रात्री तेरीज, म्हणजे नावे-जमेचा ताळा, जुळवायला बसलो. पाचशेचाच फरक. हाताने लिहिलेली रोजकीर्द, म्हणजे रोजची नोंदवही, बाजूला होती म्हणून कुठली नोंद अर्धी राहिली ते सापडलं.

आता हेच पाहा: आधी कीर्दीत लिहायचं, मग खतावणीत (खातेवार वहीत) चढवायचं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये २००१ साली, ७.१ आवृत्तीत, राइट-अहेड लॉग आला तो दुसरं काय करतो? बदल आधी लॉगमध्ये पक्का करतो, मुख्य फायलीत मागाहून. मशीन बंद पडलं तर लॉग वाचून फायली जुळवून घेतो. म्हणून लॉगला 'कीर्द' म्हणा, टेबलला 'खतावणी', आणि कमिटला 'खतावणं'.

शुद्धमती: जुनीवही काका, कीर्द फारसी आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असे शब्द बाजूला सारण्यासाठीच ना?

जुनीवही: आणि त्या कोशानंतर साडेतीनशे वर्षं हिशेबनीस कीर्दच लिहीत आलेत. माझ्या आजोबांना ती फारसी आहे हे माहीतही नव्हतं. जो शब्द गावोगाव वापरला गेला तो मराठी.

रात्रपाळी: कीर्द मला आवडली, पण 'खतावणं' नको. कमिट झालेला बदल मुख्य फाइलमध्ये अजून पोचलेलाच नसेल, असं होऊ शकतं. कमिटचा भरवसा लॉगवर असतो. खतावणं ही त्यानंतरची पायरी. तुमच्याच भाषेत सांगायचं तर कीर्दीत नोंद पक्की झाली की कमिट झालं.

उंबरठा: रोलबॅकलाही पेढीचा शब्द चालणार नाही. हिशेबात चुकलेली नोंद खोडत नाहीत, उलट नोंद टाकतात, आणि खात्यात दोन्ही दिसतात. रोलबॅकनंतर मात्र टेबलमध्ये मूळचं होतं तेच दिसतं, मधलं काहीच घडलं नाही असं. हा फरक मोठा आहे. मी तरी 'बदल मागे घेणे' एवढंच लिहीन.

चौकटराजा: 'बदल मागे घेणे' साधं आहे आणि कुठल्याही वाचकाला कळेल. माझा प्रश्न मात्र वेगळा. कन्स्ट्रेंटला (माहितीने पाळायच्या नियमाला) सगळे 'बंधन' म्हणतात ते मला पटत नाही. ओरॅकलच्या सहाव्या आवृत्तीत, १९८८ साली, टेबल तयार करताना फॉरेन की (इथली नोंद दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीशी जुळलीच पाहिजे हा नियम) लिहिता येत होती. सॉफ्टवेअर ती मान्य करायचं आणि पाळायचं मात्र नाही. अस्तित्वात नसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावर ऑर्डर बिनदिक्कत चढायची. ती प्रत्यक्ष पाळली जाऊ लागली १९९२ च्या सातव्या आवृत्तीत, ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारे आदेश) आणि स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले आदेश) आले तेव्हाच. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये चेकची (रकान्यात काय भरता येईल याची) अट वाचून सोडून देण्याचा प्रकार ८.०.१६ पर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत चालू होता. जे बांधत नाही त्याला बंधन कसं म्हणायचं? 'अट' म्हणा. अट घालता येते, अट पाळली जाते किंवा पाळली जात नाही. तिन्ही वाक्यं मराठीत सरळ बसतात.

उंबरठा: 'अट' एकदम पटलं. सातवी आवृत्ती सहावीपेक्षा कुठे पुढे गेली हे एका ओळीत लिहिता येतं: 'सहावीत अट घालता येत होती, सातवी ती पाळू लागली.' आणि फॉरेन कीला कृपया 'विदेशी कळ' म्हणू नका, मी एका क्रमिक नोट्समध्ये वाचलं आहे. ती की दुसऱ्या टेबलची आहे, परदेशातली नाही.

शुद्धमती: मग 'परकी'? 'परतक्त्य कळ'?

चौकटराजा: 'परक्या टेबलची की' म्हणा. तीन शब्द होतात, पण वाचणारा थांबत नाही.

पाटीपेन्सिल: सगळ्यांचे आभार. सध्या असं लिहिलं आहे: 'दुसऱ्या आवृत्तीत अनेक बदल एकत्र पक्के करण्याची किंवा एकत्र मागे घेण्याची सोय नव्हती.' पुढे एकदा ट्रान्झॅक्शन हा शब्द देऊन तोच वापरते. पण मग सहाव्या आवृत्तीत रो-लेव्हल लॉकिंग (सगळं टेबल न अडवता बदलायची ओळ तेवढी राखून ठेवणं) आलं, त्यापाशी पुन्हा अडले. 'ओळीला कुलूप' बरं वाटतं का?

शुद्धमती: ट्रान्झॅक्शन ठेवलंत याचं वाईट वाटलं. अजून विचार करा.

रात्रपाळी: 'ओळ अडवणे'. कुलूप म्हटलं की वाटतं कोणालाच आत जाता येत नाही. ओरॅकलमध्ये एकाने ओळ अडवली तरी बाकीचे ती वाचू शकतात. ती बदलायला आलेल्यालाच थांबावं लागतं.

जुनीवही: आमच्याकडे एकाच्या हातात खतावणी असली की दुसऱ्याला 'पान धरलंय' म्हणायचे.

चौकटराजा: 'ओळ धरणे'! हे छान आहे. पण पुण्यात ऑफिसात मुलं 'लॉक मारला', 'कमिट मार', 'रोलबॅक मारला' म्हणतात, त्याचं काय करायचं? हे 'मारणे' आलं कुठून?

उंबरठा: सही मारणे, शिक्का मारणे. फेरी मारणे, हाक मारणे. जुनंच आहे ते.

शुद्धमती: हाक मारणे वेगळं, त्यात मारण्याचा अर्थच नाही. शिक्का खरोखर मारला जातो.

जुनीवही: मग सही?