गाण्याच्या एका घराण्यात शिकत असताना दुसऱ्याचं शिकावं का?

तंबोरेवाली
अकरा वर्षं ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकतेय. परवा भूप रागाची तान घेताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जरा वळसा घालून, जयपूर घराण्याच्या ढंगाने गाठली. माझ्या गुरू, बाईंनी, तंबोऱ्यावरचा हात थांबवला. "हे आपलं नाही," म्हणाल्या आणि तीच तान पुन्हा सरळ घ्यायला लावली. बाईंचा राग आला नाही, पण मन तिथेच अडकलंय. गायक भास्करबुवा बखल्यांनी फैजमहंमद खाँकडून ग्वाल्हेरची तालीम घेतली, नत्थन खाँकडून आग्र्याची. आणि चांगलं नाव झालेलं असताना जयपूरच्या अल्लादिया खाँसाहेबांसमोर शिष्य म्हणून बसले! ज्यांच्याकडे बालगंधर्व शिकले, १९११ साली ज्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला, त्या माणसाला आणखी शिकावंसं वाटलं. मग आपणच दारं का लावून घ्यायची?

कोमलरिषभ
बखलेबुवांचं नाव सगळे घेतात, त्यांनी एकेका गुरूपाशी काढलेली वर्षं कुणी मोजत नाही. तुम्ही ती तान कुठून उचलली? मोबाइलवर ऐकूनच ना? जयपूरची तान नुसती वळणाची नसते. ती लयीच्या पोटातून निघते, मात्रेच्या आतल्या हिशेबाने चालते. तो हिशेब अंगात नसताना वरचा वळसा घेतला की ठिगळ दिसतंच. शिवाय आवाज लावण्याची रीत वेगळी, राग मांडण्याची वेगळी. बिहागडा राग घ्या, घराण्यागणिक त्याचं रूप बदलतं. एकाच बैठकीत दोन्ही रूपं आली तर राग कुठला राहील? मी शिकवतो. अर्धवट तीन घराणी गळ्यात घेऊन आलेली मुलं सरळ करताना जीव मेटाकुटीला येतो. बाईंनी थांबवलं ते योग्यच.

मध्यलय
पण गायिका किशोरीताई आमोणकरांचं काय? घरात मोगूबाई कुर्डीकरांसारखी आई आणि गुरू, जयपूरची कडक तालीम. तरी अंजनीबाई मालपेकरांकडून भेंडीबाजार घराण्याची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, त्यांनी घेतलीच. त्याने जयपूर गायकी बुडाली नाही, तिला नवीन अंग फुटलं. गायक गजाननबुवा जोशी तर ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर तिन्ही शिकले. घराणी तरी आभाळातून पडलीत का? कुणीतरी कुणाचं तरी ऐकून, आपल्या गळ्याला मानवेल तसं फिरवूनच ती झालीत.

कोमलरिषभ
मान्य. पण यांतलं प्रत्येक जण दुसऱ्या गुरूसमोर जाऊन बसलं. माझा विरोध शिकण्याला नाही, उचलण्याला आहे.

ठेका_सोळा
तबला वाजवतो, म्हणून एवढंच. कानावरून घेतलेली तान गाणारा समेच्या आधी हमखास घाई करतो. मला ठेक्यावर कळतं.

तंबोरेवाली
"उचलणं" हा शब्द लागला, पण खरा आहे. ती तान मी रेकॉर्डिंगवरूनच घेतली होती. तरी एक सांगते, ऐकूनच तर ओढ लागली. ती ओढच चूक असं कुणी म्हणालं तर मला पटणार नाही. काल बाईंना सरळ विचारलं, जयपूरचं शिकायला दुसरीकडे जाऊ का? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्यासमोर तासभर भूप गा, सुरांची एकही जागा बाहेरची न घेता. जमलं तर मी स्वतः सोबत येऊन तुला त्यांच्याकडे बसवीन." रविवारी सकाळी सातला बोलावलंय.

कोमलरिषभ
अशा बाई मिळाल्यात, तर रविवारी आवाज तापवूनच जा.