पुरातत्त्ववाल्यांची नोंदणी हवी की नको?

कुहीकर:
डॉक्टरला मेडिकल कौन्सिल, वकिलाला बार कौन्सिल. आपल्या शिवारातली शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची कडी, खोदणाऱ्याची मात्र नोंद कुठंच नाही. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, पण तो त्या जागेपुरता. माणसानं काम बिघडवलं, अहवाल वर्षानुवर्षं काढलाच नाही, तर तक्रार कोणाकडं करायची? ब्रिटनमध्ये चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आर्किऑलॉजिस्ट्स आहे, २०१४ मध्ये तिला शाही सनद मिळाली. सभासद व्हायला केलेलं काम दाखवावं लागतं आणि आचारसंहिता मोडली तर चौकशी होते. आपल्याकडं असं काही हवं की नको?

वेणाकाठ:
नको जी. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं उकरणारा इंग्रज रिव्हेट-कार्नॅक कोण होता? कापूस कमिशनर! दगडावर कोरलेले वाटीसारखे खळगे त्यानं टिपले, १८७९ मध्ये छापून आणले. तुमच्या रजिस्टरात तो बसला असता का? अन् आमच्याकडं नांगराच्या फाळाले काळं-तांबडं खापर लागलं, तं ते पहिले दिसते निंदणाऱ्या बायांले. उद्या म्हणाल, सभासद नाही, हात लावू नका.

कुहीकर:
खापर दाखवणं वेगळं, वर्तुळ खोदणं वेगळं. नागपूरजवळच माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या उत्खननात घोड्याची हाडं आणि त्याचा साज मिळाला. कोणती वस्तू कुठल्या हाडापाशी होती ही नोंद नसती, तर हाती काय उरलं असतं? भंगार. जागा एकदाच खोदता येते, दुसऱ्यांदा संधी नाही.

पांदण रस्ता:
दोघंही भलत्याच माणसाच्या मागं लागलात. पुरातत्त्ववाले किती वर्तुळं खोदतात आणि मुरूमवाले किती? रात्रीतून जेसीबी येतो, सकाळी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तेवढ्या दिसतात. त्याला कोणती आचारसंहिता लावणार?

नागपूरची विद्यार्थिनी:
इथंच तर ब्रिटनचा दाखला तोकडा पडतो. तिथं बांधकामाआधीच्या पुरातत्त्वीय कामाचा खर्च बऱ्याचदा बांधणाऱ्याच्याच माथी असतो. खाजगी कंपन्या ती कामं घेतात, म्हणून सभासदत्वाला भाव आला. कायद्यानं ते तिथंही सक्तीचं नाही. आपल्याकडं काम देणार सरकार किंवा विद्यापीठ. नुसतं रजिस्टर उघडलं तर नावापुढं चार अक्षरं वाढतील, बस. आधी रस्ता-धरणाच्या मंजुरीत पाहणी सक्तीची करा, मग ती कोणी करायची याचे निकष ठरवा.

कुहीकर:
तोवर काय, हातावर हात धरून बसायचं? निदान मागचा अहवाल छापला नसेल तर पुढचा परवाना अडवा. त्याला ना नवं कौन्सिल लागतं, ना सनद.

वेणाकाठ:
हे पटलं. पण अहवालाची एक प्रत मराठीत ग्रामपंचायतीले द्या, नकाशासकट. कोणतं वर्तुळ कोणत्या गट नंबरात हाय, हे सरपंचाले ठाऊक असन तरच तो मुरूमवाल्याले आडवा जाईन. नाहीतं त्याच्या लेखी ते नुसते गोटे.

पांदण रस्ता:
आणि ट्रॅक्टर सरपंचाचाच असला तर?