ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर जमिनीचे जुने वाद का उकरून निघाले?

शिरोलीकर_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. कास्टिंग मोजायचं, पेटीत भरायचं, कागद लावायचे, कंटेनर न्हावाशेवाला रवाना करायचा. ब्रिटनमध्ये आमची दोन गिऱ्हाइकं आहेत. एक शेफील्डचं, दुसरं उत्तर आयर्लंडातल्या टायरोन परगण्यातलं. तिकडं खडी फोडायच्या आणि चाळायच्या यंत्रांचे कारखाने बरेच आहेत, त्यांना आमची बेअरिंग हाउसिंग जातात.

पूर्वी दोघांचे कागद एकसारखे असायचे. २०२१ पासून शेफील्डवाल्याचा आयातदार नंबर जीबीनं सुरू होतो आणि टायरोनवाला म्हणतो, माझा एक्सआयनं सुरू होणारा लावा. राजा एक, पासपोर्ट एक, पौंड एक, मग नंबर दोन कसे? साहेबांना विचारलं तर म्हणाले, "ब्रेक्झिटचं कायतरी हाय, तू लाव गप."

गप लावला. पण रात्री वाचायला बसलो तर जिब्राल्टर, आयर्लंड, स्कॉटलंड, सायप्रसमधले लष्करी तळ अशी रांगच लागली. आता माझा प्रश्न. युरोपियन युनियन म्हणजे काही देश नव्हे. ती सोडताना ब्रिटननं कुणाला एक गुंठा दिला नाही की कुणाचा घेतला नाही. मग जमिनीची भांडणं कुठनं आली? जिब्राल्टरचं तर तीनशे वर्षांपूर्वीचं प्रकरण, ते २०१६ नंतरच कसं पेटलं? माझं आजोळ निपाणीकडं असल्यामुळं सीमावाद लहानपणापासून ऐकतोय, म्हणून जास्तच उत्सुकता. दोन्ही एकाच जातीचं दुखणं आहे का?

विकिपीडियाच्या लिंका देऊ नका, वाचलंय. कुणी तिकडं राहिलं असेल, काम केलं असेल तर सांगा.

राजारामपुरी_इंजिनरूम

जिब्राल्टरबद्दल मी सांगतो. व्यापारी जहाजांवर इंजिन खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. भूमध्य समुद्रात शिरताना किंवा बाहेर पडताना तेल भरायला जिब्राल्टरला थांबणं नेहमीचंच. सगळा मुलूख सात चौरस किलोमीटरही नाही, त्यात मधोमध ४२६ मीटर उंच खडक. मेन स्ट्रीटवर कापडाच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सिंधी ऐकू यायची. मला आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातच आल्यासारखं वाटायचं, भाव करायची पद्धतसुद्धा तीच!

आता मुद्दा. १७०४ साली इंग्रज आणि डच आरमारानं तो खडक घेतला आणि १७१३ च्या उट्रेख्टच्या तहात स्पेननं तो लिहून दिला. पण काय लिहून दिलं? गाव, किल्ला, बंदर, तटबंदी. खडकाला स्पेनशी जोडणारी वाळूची चिंचोळी पट्टी त्यात नव्हती, असं स्पेन आजही म्हणतो. आणि तिथला विमानतळ नेमका त्या पट्टीवर! २०२३ मध्ये बोगदा होईपर्यंत गावातून सीमेकडे जायचा मुख्य रस्ता धावपट्टीलाच आडवा जायचा. विमान आलं की रुकडीच्या रेल्वे फाटकासारखं फाटक पडायचं आणि भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं विमान उतरायची वाट बघत उभी.

१९६७ ला तिथल्या लोकांना विचारलं, स्पेन की ब्रिटन? १२,१३८ मतं ब्रिटनला, ४४ स्पेनला. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको चिडला. १९६९ ला त्यानं सीमेचं दारच बंद केलं, फोनसुद्धा तोडले. निम्मं घर अलीकडे, निम्मं पलीकडच्या ला लिनेआ गावात. लोक कुंपणाशी येऊन एकमेकांना ओरडून ख्यालीखुशाली विचारायचे. पायी जाणाऱ्यांसाठी दार १९८२ ला उघडलं, पुरतं उघडलं फेब्रुवारी १९८५ मध्ये. का? स्पेनला जानेवारी १९८६ पासून युरोपियन समुदायात, म्हणजे युनियनच्या आधीच्या रूपात, यायचं होतं, आणि सदस्य होऊन शेजारी सदस्याचं दार बंद ठेवणं शक्य नव्हतं.

इथं नीट बघ. स्पेननं दावा सोडला नाही, ब्रिटननं खडक सोडला नाही. फक्त रोजच्या जगण्यातलं त्या रेषेचं वजन कमी झालं. कुरबूर झालीच तर दाद मागायला तिसरी जागा मिळाली. २०१३ मध्ये जिब्राल्टरनं समुद्रात काँक्रीटचे ठोकळे टाकले, स्पेनच्या मच्छीमारांचं नुकसान झालं म्हणून स्पेननं सीमेवर तपासणी इतकी कडक केली की गाड्या तासन्‌तास रांगेत. तेव्हा युनियनचा कारभार बघणाऱ्या युरोपियन कमिशननं आपले अधिकारी पाहणीला पाठवले. दोघंही सदस्य, त्यामुळे दोघांनाही ऐकावं लागलं.

२०१६ च्या मतदानात जिब्राल्टरच्या ९६ टक्के लोकांनी युनियनमध्ये राहायचं म्हणून मत दिलं. पण त्यांची मतं सगळ्या ब्रिटनच्या मतांत मोजली गेली, उपयोग शून्य. निकाल लागला त्याच दिवशी स्पेनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री म्हणाले की खडकावर आपला झेंडा लागायची वेळ आता जवळ आली. एप्रिल २०१७ मध्ये उरलेल्या २७ देशांनी वाटाघाटींची चौकट ठरवली. त्यात एक ओळ अशी की ब्रिटनशी होणारा पुढचा कुठलाही करार स्पेनच्या संमतीशिवाय जिब्राल्टरला लागू होणार नाही. आत असताना अडवायचा अधिकार दोघांकडेही होता. ब्रिटन उठून गेला, अधिकार एकट्या स्पेनच्या हातात राहिला. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला वाटतं याच ओळीत आहे. जमीन जिथल्या तिथं होती, फिरलं ते वाटाघाटीच्या टेबलावरचं बळ.

शिवाय स्पेनमधून रोज सुमारे पंधरा हजार माणसं तिथं कामाला येतात. दार पुन्हा बंद होणं ला लिनेआलाही परवडणारं नव्हतं, म्हणून बोलणी तुटली नाहीत. शेवटी जून २०२५ मध्ये तोडगा जाहीर झाला. कुंपणाशी होणारी तपासणी काढायची, विमानतळ आणि बंदरावर आधी जिब्राल्टरचा अधिकारी पासपोर्ट बघणार, मग स्पेनचा. म्हणजे लंडनहून ब्रिटिश मुलखात उतरलेल्या ब्रिटिश माणसाला स्पॅनिश शिक्क्याची गरज! सार्वभौमत्वावर मात्र दोघांनी लिहून घेतलं की आमचं म्हणणं आहे तसंच आहे.

बिंदू_चौक_बोलतोय

काका, मग ग्रीनलंड? ते पण १९८५ ला बाहेर पडलं. तिथं कुठं भांडण झालं?

राजारामपुरी_इंजिनरूम

झालं की, माशांवरून. १९७३ ला डेन्मार्कबरोबर ग्रीनलंड आपोआप आत ओढलं गेलं, स्थानिकांचं मत विरोधी असूनसुद्धा. १९८२ ला त्यांनी वेगळं मतदान घेतलं, थोड्या फरकानं बाहेर पडायचं ठरलं आणि १ फेब्रुवारी १९८५ ला पडले. युरोपच्या बोटींना मासेमारीचे हक्क आणि त्याबदल्यात पैसे, असा करार करून मोकळे. चारी बाजूंनी समुद्र, जमिनीवर शेजारी नाही, रोज कामाला ये-जा करणारं कुणी नाही. नाका बसवायचाच नव्हता तर तो कुठं बसवायचा हा वाद कशाला होईल?

शिरोलीकर_डिस्पॅच

काका, लई भारी. फाटकाचं तर डोळ्यासमोर आलं. पण माझा टायरोनवाला अजून लटकलेलाच आहे. तिथं तर जमिनीवर शेजारी आहे.

न्यूरीची_कोल्हापुरीण

दादा, त्याचं मी सांगते. मी न्यूरीत नर्स आहे, माहेर मंगळवार पेठेत. न्यूरी म्हणजे सीमेला टेकलेलं गाव. गाडीनं दक्षिणेला निघालं की कधी दुसऱ्या देशात गेलो ते कळतसुद्धा नाही. वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटरमध्ये होतात आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते, एवढंच. मात्र ही मोकळीक ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना. मी भारतीय पासपोर्टवाली, मला पलीकडे जायला आयर्लंडचा व्हिसा लागतो. वॉर्डातल्या मैत्रिणी डुंडॉकला सहज फेरी मारून येतात, आणि मी इथं व्हिसाचे फॉर्म भरत बसते. ज्यांना रेघ दिसत नाही असं म्हणतात त्यांना माझा पासपोर्ट देऊन बघावा. असो.

१९२१ ला आयर्लंडची फाळणी झाली, सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. सीमा जवळजवळ ५०० किलोमीटर, ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. शेतं दोन्हीकडे, काही घरं अक्षरशः रेषेवर. ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडशी एक व्हायचं यावरून झालेल्या हिंसाचाराच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. लष्करानं कितीतरी रस्ते खणून, स्फोट करून बंद केले होते, उरलेल्यांवर मनोरे आणि चौक्या. इथल्या पन्नाशीच्या पुढच्या पेशंटांना चौकी म्हटलं की काय आठवतं ते विचारू नका. १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला, त्यात आयर्लंडनं आपल्या घटनेतला उत्तरेवरचा सरळ दावा काढून लोकांच्या संमतीवर सोडला. मनोरे उतरले. पण चौक्या काढता आल्या त्याचं दुसरं कारण असं की दोन्ही देश एकाच बाजारपेठेत होते, माल तपासायचा प्रश्नच उरला नव्हता.

ब्रिटन बाजारपेठेतून बाहेर पडलं आणि तो प्रश्न पुन्हा आला. माल कुठं तपासायचा? जमिनीच्या सीमेवर तपासला तर १९९८ चं सगळं धोक्यात. आयर्लंड आणि उरलेल्या युरोपच्या मध्ये तपासायचा म्हटलं तर डब्लिननं कशाला ऐकावं, ते तर युनियन सोडून कुठं गेलेच नव्हते. राहिला समुद्र. म्हणून ब्रिटनच्या मोठ्या बेटावरून इकडे येणारा माल बेलफास्ट, लार्न अशा बंदरांत तपासायचं ठरलं. मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड युरोपचे नियम पाळतं, कायद्यानं मात्र ते ब्रिटनच्याच कस्टम्स हद्दीत आहे. तुमचा एक्सआय तिथून आला. तुमची हाउसिंग पुढे आयर्लंड प्रजासत्ताकात जाण्याचा धोका आहे असं धरलं तर त्यावर युरोपची ड्युटी लागते, नाहीतर ब्रिटनची.

यावरून इथले ब्रिटनवादी भयंकर संतापले. त्यांचं म्हणणं, आमच्याच देशाच्या दोन भागांत तुम्ही सीमा आखली. मला त्यांचं राजकारण फारसं पटत नाही, पण हा राग समजतो. त्यांचा सर्वात मोठा पक्ष डीयूपी, त्याच्या फर्स्ट मिनिस्टरनं (इथला मुख्यमंत्रीच म्हणा) फेब्रुवारी २०२२ ला राजीनामा दिला, दोन वर्षं इथं पुरतं मंत्रिमंडळच नव्हतं. आमच्या हॉस्पिटलच्या प्रतीक्षायाद्या वाढतच होत्या आणि मोठे निर्णय घ्यायला मंत्रिमंडळ नाही. २०२३ च्या विंडसर चौकटीत, म्हणजे ब्रिटन आणि युरोपियन युनियनच्या सुधारित करारात, मालाला हिरवी आणि लाल अशा दोन रांगा केल्या, इथंच राहणाऱ्या मालाला कागद कमी. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या विधानसभेनं ही व्यवस्था चालू ठेवायला ४८ विरुद्ध ३६ मतांनी मान्यता दिली. ब्रिटनवाद्यांनी विरोधातच मत दिलं.

आणि एक. एप्रिल २०१७ मध्येच युरोपच्या नेत्यांनी मान्य करून टाकलंय की उद्या दोन्ही आयर्लंड कायदेशीर मार्गानं एक झाली तर उत्तर भाग आपोआप युनियनमध्ये येईल, नव्यानं अर्ज नको. ब्रेक्झिटच्या आधी एकीकरण हा भावनेचा विषय होता. आता त्याला पासपोर्ट, नोकरी आणि बाजार चिकटलेत.

निपाणीकर_मामा

भाच्या, आजोळचं नाव काढलंस म्हणून लिहितो. वरचं दोघांचं वाचलं, पटलं, पण आपल्या सीमावादाला ते जसंच्या तसं लावू नकोस.

आपल्याकडं कोण कुठल्या संघातून बाहेर पडलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला एकाच देशात राज्यांच्या हद्दी बदलल्या. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका इकडं राहिला म्हणून तो आज कोल्हापुरात, आणि निपाणी, खानापूर, बेळगाव तिकडं गेलं. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तो महाराष्ट्रानं नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात. तारखा चालूच आहेत.

आता इंजिनरूमवाल्या चीफ साहेबांचं म्हणणं असं की नाका गेला की रेषेचं वजन जातं. आमच्या अनुभवाला ते पुरतं बसत नाही. जीएसटी आल्यावर २०१७ ला विक्रीकराचे नाके उठले. ऊस ज्या कारखान्याला दर बरा त्याला जातो, पेशंट कोल्हापूरला येतो, पोरं बेळगावला शिकतात. तरी १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतातच. कारण दुखणं मालाचं नव्हतंच. उतारा कन्नडमध्ये मिळतो, अर्ज कन्नडमध्ये करावा लागतो, मराठी शाळेला शिक्षक मिळंना. कुठं पाटीवरनं, कुठं पुतळ्यावरनं पेटलं की एसटी बंद होती, आणि आमची म्हातारी माणसं स्टँडवर बसून राहत्यात.

नाका परत आला की काय होतं ते मात्र बघितलंय. कोरोनात २०२१ ला सीमेवरच्या कोगनोळीला तपासणी बसली, रिपोर्ट असंल तरच सोडायचे. लग्नाला निघालेलं वऱ्हाड अलीकडं अडकलं, नवरी पलीकडं. त्या दिवसांत ज्यांना सीमाप्रश्नाचं कधी काही पडलेलं नव्हतं ती पोरंसुद्धा तावातावानं बोलाय लागली.

राजारामपुरी_इंजिनरूम

मामा, भाषेचं आणि शाळेचं मान्य. जिब्राल्टरवाल्यांनीही २००२ ला संयुक्त सार्वभौमत्व ९८ टक्क्यांहून जास्त मतांनी धुडकावलं, तेव्हा तर दार सताड उघडं होतं. त्यांना पोटापाण्याची अडचण नव्हती, तरी स्पेन नको होता. माझं म्हणणं एवढंच की दार उघडं असेपर्यंत असली माणसं नकार देऊन घरी जातात, जेवतात. बंद झालं की त्यांना रस्त्यावर यावं लागतं.

शिरोलीकर_डिस्पॅच

मामा, ते वऱ्हाड आमच्याच भावकीतलं होतं बहुतेक! सगळ्यांचे आभार. न्यूरीच्या ताई, एक शेवटचं. शिपिंग बिलावर देश काय घालू? युनायटेड किंगडमच ना?

न्यूरीची_कोल्हापुरीण

हो, देश युनायटेड किंगडमच. एक्सआय नंबर तुमच्या गिऱ्हाइकाचा, तो इनव्हॉइसवर त्याच्या पत्त्याखाली. उत्तर आयर्लंडचे सगळे पोस्टकोड बीटीनं सुरू होतात, तेवढं जुळवून बघा. पण तुमचा कंटेनर उतरतो कुठं, बेलफास्टला की डब्लिनला? डब्लिनला उतरत असेल तर माल आधी युरोपियन युनियनमध्ये शिरतो, मग उत्तरेला येतो. त्याचे कागद वेगळे. फॉरवर्डरला आधी ते विचारा.

शिरोलीकर_डिस्पॅच

कधी इकडं, कधी तिकडं. बोट मिळंल तसं. उद्या सकाळी फोन लावतो त्याला.