टेक्सासचं बघून नाशकात एकच सुरक्षा खातं? आधी वाचा तरी

गोदाकाठचा
कालपासून ग्रुपाग्रुपावर एक पोस्ट फिरतेय. लिहिणाऱ्याचा भाचा टेक्सासात असतो, तिथे 'डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी' हे एकच खातं सगळं बघतं, तर सिंहस्थाच्या आत आपल्याकडेही पोलीस, फायर, आपत्ती, अॅम्ब्युलन्स सगळं गृहखात्यात घाला, एक साहेब एक हुकूम. डोकं फिरलं वाचून. ते खातं 1935 चं आहे, त्यात हायवे पेट्रोल आहे, टेक्सास रेंजर्स आहेत, गाडीचं लायसन्सही तेच देतात. पण शहरांचे बंब त्यांच्याकडे नाहीत. 254 काउंट्यांचे शेरीफ लोक निवडून देतात, तेही यांच्या हाताखाली नाहीत. आपत्ती विभाग होता, तो 2019 मध्ये काढून एका विद्यापीठ समूहाकडे दिला. आणि वर एक साहेब नाही, पाच जणांचं कमिशन आहे. ज्यांचं उदाहरण देताय त्यांच्याकडेच सगळं एका छताखाली नाही.

सातपूरकर
पोस्ट माझीच आहे. शेरीफचं मला माहीत नव्हतं, ठीक. पण मुद्दा टेक्सास नाहीये भाऊ, मुद्दा इथला आहे. पोलीस गृहखात्याचे, बंब महापालिकेचा म्हणजे वर नगरविकास, एमआयडीसीचे बंब वेगळे, 108 आरोग्याची, आपत्ती कलेक्टरकडे आणि त्यांच्या वर मदत व पुनर्वसन. आमच्या शेडला रात्री आग लागली तेव्हा पहिल्या फोनवर मला विचारलं, हद्द कोणाची? दुसरा नंबर दिला, तिथेही तेच. डोळ्यासमोर लेथ मशीन जळत होतं आणि मी हद्द सांगत होतो. वडिलांनी कर्ज काढून घेतलेलं मशीन. तुम्ही कमिशन मोजत बसा.

बंबवाला_निवृत्त
शिंगाडा तलावाच्या फायर स्टेशनात उभं आयुष्य गेलं माझं, म्हणून बोलतो. तुमच्या शेडचं ऐकून वाईट वाटलं, पण उपाय चुकीचा आहे. अग्निशमन हे घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत आहे. आग लागली की कोणत्या बोळात बंब शिरतो, पाणी कुठून भरायचं, हे शहराच्याच माणसाला कळतं. गृहखात्यात घातलं तर पोलिसांच्या बंदोबस्तापुढे आमच्या शिडीचं बजेट कोण वाचणार? आमच्याकडे माणसं रिटायर होत गेली, जागा तशाच राहिल्या, त्यावर कोणी पोस्ट टाकत नाही. 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीने जानेवारी आणि जुलैत बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची साधनं चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. तुमच्या शेडचा दिला होता का?

सातपूरकर
काका, नव्हता दिला. हे मान्य. पण फॉर्म नव्हता म्हणून हद्द विचारायची का?

बंबवाला_निवृत्त
नाही. ती चूकच. बंब आधी निघायला हवा होता, हद्द नंतर.

कॉलेजरोड_७
सगळे पोलीस एका खात्यात आहेतच ना, मग काय उजेड पडला? 2021 ला 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' काढलं, पंपावरच्या पोरांनी शिव्या खाल्ल्या. सुरक्षा म्हणजे फक्त आमचं चलान.

भांडीबाजार
हेल्मेट सोडा हो. पुराचं बोला. आमचं दुकान आजोबांपासून, 2008 पाहिला, 2016 पाहिला, 2019 पाहिला. गंगापूर धरणातून पाणी सोडतं जलसंपदा खातं. भोंगा फिरवते महापालिका. होळकर पुलावरची गर्दी हटवतात पोलीस. नंतर पंचनाम्याला येतो तलाठी. आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं हे आम्हाला कळतं पंचवटीतल्या मेहुण्याच्या फोनवरून! 2016 ला तळघरातली पितळी भांडी काढायला अर्धा तास मिळाला नाही. आईने छातीएवढ्या पाण्यात उभं राहून वह्या वर दिल्या.

गोदाकाठचा
त्यात धरणाचं एकट्याचं नाही. धरणाखाली शहरात पडणारा पाऊस आणि सरस्वती नाला तुंबून सराफ बाजारात मागून येणारं पाणी, ते कोणत्याच गेटवर मोजलं जात नाही.

भांडीबाजार
मला शिकवू नका. नाला माझ्या दुकानामागे आहे.

गोदाकाठचा
शिकवत नाहीये, तुमच्याच बाजूने बोलतोय! 2005 च्या आपत्ती कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर आहेत, एसपी त्यात सदस्य आहेत. सगळ्यांना एका टेबलावर आणायचा अधिकार आजही आहे. वापरा म्हणावं. नवं खातं म्हणजे नवी इमारत, नव्या खुर्च्या आणि पहिली दोन वर्षं बदल्यांत जाणार.

सातपूरकर
आणि सिंहस्थ? 2003 ला शाहीस्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. रामकुंड शहर पोलीस आयुक्तालयात, त्र्यंबकेश्वर ग्रामीण पोलिसांकडे, भाविक मात्र एकच, सकाळी इथे दुपारी तिथे. गर्दीला हद्द दिसते का?

पंचवटीची_लेक
त्या दिवशी मी नऊ वर्षांची होते, आत्याचा हात सुटला होता माझ्याकडून. एका अनोळखी बाईने मला ओट्यावर उचलून ठेवलं म्हणून आज लिहितेय. ती कोणत्या खात्याची नव्हती. 2015 ला इथल्याच वेगवेगळ्या खात्यांनी मार्ग आधी ठरवले, आधी चालून पाहिले आणि तशी वेळ आली नाही. खातं एक नव्हतं, तयारी होती. दादा, तुम्ही दोघं खात्याच्या पाटीवरून भांडताय.

सातपूरकर
ताई, तुमच्यापुढे मी काय बोलणार. खातं एक करा हा आग्रह सोडतो. पण फोन उचलणारा एकच हवा, आणि त्याने हद्द विचारायची नाही, हे लिहून घ्या.

गोदाकाठचा
हे लिहून घेतलं. यापुरतं तुमचं बरोबर. बाकी पोस्ट चुकीचीच होती, ती काढा.

सातपूरकर
टेक्सासची ओळ काढतो. पोस्ट राहील.

भांडीबाजार
विसर्ग वाढवणार असा मेसेज आत्ता तीन ग्रुपवर आलाय, तिन्हीकडे आकडा वेगळा. खात्रीचं कोणाला माहीत आहे का? मी दुकानाच्या खालच्या फळ्या रिकाम्या करायला घेतोय.