मदत हवी आहे: यूएस आर्मी रिझर्व्ह, पतीच्या नोंदीत चुकीचा हुद्दा

माझे पती यूएस आर्मी रिझर्व्हमध्ये (अमेरिकेच्या लष्कराच्या राखीव दलात) होते. पेन्शनसाठी धरली जाणारी वीस वर्षं पूर्ण झाल्याचं पत्र २०१५ मध्ये आलं होतं. साठाव्या वर्षी पेन्शन सुरू व्हायची, पण मागच्या वर्षी सत्तावन्नाव्या वर्षीच ते गेले. त्या पत्रानंतरच्या ९० दिवसांत त्यांनी मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या पेन्शनचा कुठलाही पर्याय भरला नव्हता, म्हणून पत्नीसाठीचं पूर्ण संरक्षण आपोआप लागू आहे. त्या पेन्शनच्या मागणीचा डीडी फॉर्म २६५६-७ पाठवलाय. तिथे अडचण नाही.

अडचण हुद्द्याची आहे. नोंदीत ते स्टाफ सार्जंट, म्हणजे ई-६ वेतनश्रेणीत आहेत. प्रत्यक्षात शेवटची तीन वर्षं ते त्यावरच्या हुद्द्यावर, सार्जंट फर्स्ट क्लास, ई-७ होते. माझी रक्कम हुद्द्याच्या मूळ पगारावरून ठरणार, त्यामुळे फरक आयुष्यभराचा आहे. आणि तो हुद्दा त्यांनी कष्टाने मिळवला होता.

लष्करी नोंदी मागवण्याचा एसएफ १८० फॉर्म भरून त्यांची फाईल मागवली, तर तिच्यात बढतीचा आदेश नाही. घरी त्याची झेरॉक्स आहे, त्या हुद्द्याच्या दोन पगारपावत्याही आहेत. फोनवर ‘दुरुस्ती मंडळाकडे (लष्करी नोंदीतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे) अर्ज करा’ एवढंच सांगितलं. त्या अर्जाचा डीडी फॉर्म १४९ भरून ठेवलाय. मृत्यूचा दाखला आहे, सांगलीच्या विवाह प्रमाणपत्राचं प्रमाणित इंग्रजी भाषांतरही आहे. वकील परवडणार नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: मूळ आदेशाऐवजी झेरॉक्स आणि पगारपावत्या पुरतात का, की सोबतच्या सैनिकांची शपथपत्रंही जोडावीत? अर्जाची तीन वर्षांची मुदत चूक मला कळली तेव्हापासून धरतात का? आणि निकाल लागेपर्यंत ई-६ प्रमाणे मिळणारी रक्कम घेतली, तर पुढे फरकाची थकबाकी मिळते का?