मदत हवी आहे: पाच दिवस शिडाच्या होडीवर खायला काय न्यावं?

डिसेंबरात आम्ही तिघं दोनापावलाहून मालवणपर्यंत शिडाच्या होडीनं जाऊन परत येणार आहोत. पाच दिवस, रात्री नांगर टाकून होडीवरच मुक्काम. होडी 22 फुटी, फ्रीज नाही. छोटा गॅस आहे, पण तो फक्त नांगर टाकल्यावर. हलत्या होडीत उकळतं पाणी नको. पिण्याचं पाणीच 45 लिटर, म्हणजे 45 किलो. तेव्हा खाणं सगळं मिळून 9 किलोंच्या आत बसवायचंय, आणि ते भिजवायला-शिजवायला फार पाणी लागायला नको.

मागच्या दोन दिवसांच्या फेरीत पोळ्या बुरसल्या (गरम असतानाच डब्यात भरल्या, चूक आमचीच). चुरमुरे खाऱ्या हवेनं तासाभरात सादळले. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू मात्र उत्तम राहिले. पण गोड किती खाणार? दुसऱ्या दिवशी लाडवांना कुणी हात लावेना. फरसाण नेलं तर तहान वाढते. सुक्या सुंगटांचा (कोळंबीचा) विषय घरी निघाला, पण एक जण शाकाहारी आहे आणि दुसऱ्याला बोट लागते, त्यात तो वास!

तर दिवसा न शिजवता खाता येईल, गोड नाही, फार खारट नाही आणि पोटाला आधार देईल असं काय न्यावं? थंड पाण्यात ताकाची पावडर घालून कालवलेलं सत्तूचं पीठ कुणी सलग चार-पाच दिवस खाल्लंय का, पोटाला जड जातं का? आणि भाजलेले पोहे सादळू नयेत म्हणून तुम्ही ते होडीत कशात भरता?